उशाशी असणाऱ्याचा हक्क

7 मार्च 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अरुणा शानबाग प्रकरणाचा निकाल दिला. अरुणा ही 1973 च्या हल्ल्यानंतर मुंबईच्या केईएम रुग्णालयात अंथरुणाला खिळलेली परिचारिका. न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांच्या पीठाचा हा निकाल आपल्याकडे एका गोष्टीसाठी लक्षात राहिला. बरं होण्याची आशा उरलेली नसलेल्या रुग्णाचे जीव धरून ठेवणारे उपचार काही अटींवर थांबवता येतील, असं त्यात पहिल्यांदा म्हटलं गेलं. निष्क्रिय दयामरण हा शब्द त्या आठवड्यात घरोघरी पोचला. पण त्याच निकालात आणखी एका प्रश्नाचं उत्तर होतं आणि परिचर्येच्या नीतीचा विचार करणाऱ्याने त्या उत्तरापाशी जास्त वेळ थांबायला हवं असं मला वाटतं. प्रश्न असा होता: जी स्वतः बोलू शकत नाही, तिच्या वतीने बोलायचं कोणी?

याचिका लेखिका-पत्रकार पिंकी विराणी यांनी केली होती. कायद्याच्या भाषेत त्या अरुणाच्या 'नेक्स्ट फ्रेंड' म्हणून, तिच्या बाजूने दाद मागणाऱ्या हितचिंतक म्हणून उभ्या होत्या. 1998 साली त्यांनी अरुणाच्या आयुष्यावर पुस्तक लिहिलं होतं. तिला अन्न देणं थांबवावं, तिला शांतपणे जाऊ द्यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. समोर मुंबईच्या केईएम रुग्णालयातले अधिष्ठाता, डॉक्टर आणि परिचारिका होत्या. त्यांचं म्हणणं होतं की अरुणा आमची आहे, तिचं आम्ही शेवटपर्यंत करू. न्यायालयाने विराणी यांच्या कळकळीची कदर केली, पण हितचिंतकाचा मान केईएमच्या माणसांना दिला. पुस्तक लिहिणारी अधूनमधून भेटून गेली, आणि इथल्या लोकांनी 37 वर्षं रात्रंदिवस तिचं केलं. तेव्हा तिचं खरं कुटुंब हेच, असा त्याचा आशय होता. पुढे कधी त्यांचं मन बदललं, तर मुंबई उच्च न्यायालयात जाण्याची मोकळीकही त्यांनाच ठेवली.

रक्ताचं नातं नाही, लग्नाचं नाही, तिने लिहून दिलेला कागद नाही. फक्त केलेली सेवा, आणि तिच्या बळावर एवढा मोठा हक्क. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने रुग्णाचं अंग पुसणाऱ्या, कूस बदलणाऱ्या माणसांना असं स्थान द्यावं, ही गोष्ट मला आजही मोलाची वाटते. पण जो सांभाळतो त्याचा हक्क नेमका किती? त्याने ठरवावं, की त्याचं ऐकलं जावं? ही दोन टोकं जवळची दिसतात, पण त्यांच्यामध्ये बरंच अंतर आहे. ते अंतर अरुणाच्याच आयुष्यातून पायरीपायरीने चालून बघू.

अरुणा मूळची उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरची. परळच्या केईएममध्ये ती परिचारिका होती, आणि त्याच रुग्णालयातल्या एका डॉक्टरशी तिचं लग्न ठरलेलं होतं. 27 नोव्हेंबर 1973 च्या संध्याकाळी ड्यूटी संपवून ती तळघरात कपडे बदलायला गेली. तिथे रुग्णालयातल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने तिच्यावर हल्ला केला. कुत्रे बांधायच्या साखळीने तिचा गळा आवळला गेला, मेंदूचा प्राणवायू तुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सापडली. तेव्हा ती 25 वर्षांची होती. दृष्टी गेली, बोलणं गेलं, हातपाय आखडत गेले. त्यानंतर 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने मृत्यू येईपर्यंत, म्हणजे साडेएक्केचाळीस वर्षं, ती त्याच रुग्णालयात राहिली. त्यातला बहुतेक काळ वॉर्ड क्रमांक 4 ला लागून असलेल्या एका लहानशा खोलीत गेला. आईवडील वारले, बाकीचे नातेवाईक येईनासे झाले. परिचारिका राहिल्या.

या राहण्यात काय काय आलं, हे बाहेरच्याला चटकन कळत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाही तर माकडहाडावर, टाचेवर, नितंबाच्या हाडावर सतत दाब येऊन रक्त पोचत नाही आणि कातडी आतून मरायला लागते. आधी नुसती लाली दिसते. बोट दाबून काढलं तरी ती लाली पांढरी पडत नाही, तेव्हा समजावं की जखम सुरू झाली. हे राउंडला आलेल्या डॉक्टरला सहसा दिसत नाही, कारण तो येतो तेव्हा रुग्ण उताणा असतो. अंग पुसताना सिस्टरला दिसतं. कूस दोन तासांनी म्हटली तरी दिवसाला बारा वेळा होते आणि वर्षाला चार हजारांवर जाते. एवढ्या वर्षांत अरुणाला शय्याव्रण झाला नाही, याची नोंद निकालपत्रातही आहे. परिचर्या शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, हे किती अवघड आहे ते त्या सांगतील. कुठलंही औषध हे घडवून आणत नाही. सकाळच्या पाळीने दुपारच्या पाळीला, दुपारच्या पाळीने रात्रीच्या पाळीला दिलेला 'ओव्हर' दशकानुदशकं तुटला नाही, म्हणून हे घडलं.

म्हणजे पहिली पायरी ही, की सेवेतून ज्ञान येतं, आणि ते दुसऱ्या कुठल्या मार्गाने येत नाही. अंगाचा वास बदलला, घास गिळायला वेळ लागतोय, रोज या वेळी शांत असते आणि आज नाही, हे तपासणीच्या कागदावर नंतर उमटतं, सिस्टरला आधी कळतं. केईएमच्या निवेदनात अशा बारीक गोष्टी होत्या. तिला मासे आवडतात, आवडीचं तोंडात गेलं की चेहऱ्यावर हसू येतं, नको असलं की ती तोंड वेडंवाकडं करते. खोलीत माणसं वाढली की ती अस्वस्थ होते, आवाज करते, आणि गर्दी गेली की निवते. न्यायालयाने 24 जानेवारी 2011 च्या आदेशाने मुंबईचे तीन डॉक्टर तपासणीसाठी नेमले होते: टाटा मेमोरियलचे जे. व्ही. दिवाटिया, हिंदुजाचे रूप गुरसहानी आणि शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाचे नीलेश शहा. त्यांनी तिला पाहिलं, जुने कागद वाचले, सांभाळणाऱ्यांशी बोलले. ती मेंदूमृत नाही, पण कायमच्या निश्चेतन अवस्थेचे बहुतेक निकष तिच्या बाबतीत पुरे होतात, असा त्यांचा अहवाल होता.

आता त्या हसण्यापाशी थांबू, कारण अख्ख्या प्रश्नाची गाठ तिथे आहे. परिचारिका म्हणते, ती हसली. मेंदूचा डॉक्टर म्हणतो, चव जिभेला लागल्यावर चेहऱ्याचे स्नायू हलतात. त्यासाठी मेंदूचा खालचा भाग पुरतो, तिथे 'मला आवडलं' असं म्हणणारं कुणी असेलच असं नाही. दोघं एकच चेहरा बघतात. यातलं कोण चुकतं? डॉक्टरने शंभर निश्चेतन रुग्ण पाहिले असतील आणि त्या शंभरांत काय समान असतं ते त्याला ठाऊक आहे. परिचारिकेने ही एकच बाई हजारो वेळा पाहिली आहे आणि कालच्या नि आजच्या चेहऱ्यातला फरक तिला ठाऊक आहे. परिचारिकेचं निरीक्षण भाबडेपणा म्हणून बाजूला सारणं मला उद्धटपणाचं वाटतं. पण हेही मान्य करावं लागतं, की ज्याचं आपण रोज करतो त्याच्या चेहऱ्यावर उत्तर शोधायची माणसाला ओढ असते, आणि ओढ असली की उत्तर दिसायला लागतं. तान्ह्या बाळाच्या झोपेतल्या हसण्याला घरातलं प्रत्येक माणूस आपापला अर्थ देतं, तसंच हे. म्हणून उशाशी असणारीचं ज्ञान अमोल आहे, आणि तेच ज्ञान मायेने रंगलेलंही आहे. ते टाकून देता येत नाही, आणि तपासल्याशिवाय मान्यही करता येत नाही.

दुसरी पायरी. सांभाळणारी माणसं फक्त जाणत नाहीत, राखणही करतात. अरुणावर हल्ला झाल्यावर मुंबईतल्या परिचारिकांनी काम बंद ठेवलं. मागणं अरुणासाठी होतं आणि स्वतःच्या सुरक्षिततेसाठीही होतं. पुढे 1980 च्या दशकात खाट मोकळी व्हावी म्हणून महापालिकेने तिला केईएममधून हलवायचा प्रयत्न केला. परिचारिका आडव्या आल्या, आणि पालिकेला तो विचार सोडावा लागला. खाटांची टंचाई खोटी नव्हती. परळच्या त्या रुग्णालयात जमिनीवर गाद्या टाकून रुग्ण झोपवावे लागतात, हे मुंबईकराला सांगायला नको. हिशेब मांडणाऱ्याच्या दृष्टीने 'सुधारणा शून्य' असलेली रुग्ण खाट अडवून बसली होती. हिशेबात न मावणारी गोष्ट तिथे कुणाला तरी सांगायची होती, आणि ती परिचारिकांनी सांगितली.

मालकाआधी रुग्णाची बाजू घेण्याची ही भूमिका त्यांच्या व्यवसायातही तेव्हा नुकती रुजत होती. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने 1953 साली पहिली आचारसंहिता स्वीकारली, तेव्हा डॉक्टरांचे आदेश निष्ठेने पार पाडणं हे परिचारिकेचं मोठं कर्तव्य मानलं होतं. संहितेची फेररचना झाली त्यात क्रम बदलला: परिचारिकेची पहिली जबाबदारी जिला परिचर्येची गरज आहे त्या व्यक्तीशी, बाकी सगळं त्यानंतर. ही फेररचना 1973 ची, म्हणजे अरुणावर हल्ला झाला त्याच वर्षाची. परळच्या सिस्टरांनी ती संहिता वाचली होती की नाही, याला महत्त्व नाही. मालक महापालिका आणि रुग्ण अरुणा, यांच्यात निवड करायची वेळ आली तेव्हा त्यांनी कुणाची बाजू घेतली हे समोर आहे.

इथपर्यंत आलं की वाटतं, न्यायालयाने बरोबर केलं. जी जाणते आणि जी राखते, तिनेच ठरवावं. पण याच कहाणीत एक जुनं पान आहे. 1973 साली अरुणावर लैंगिक अत्याचारही झाला होता. ती बाब रुग्णालयाच्या प्रशासनाने पोलिसांपासून दूर ठेवली. तिची बदनामी होऊ नये, ठरलेल्या लग्नावर सावट येऊ नये, असं त्याचं कारण पुढे सांगितलं गेलं. परिणाम असा झाला की आरोपीवर खटला चालला तो जबरी चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाचा. सात-सात वर्षांच्या दोन शिक्षा झाल्या, त्याही एकदमच भोगायच्या. अत्याचाराचा गुन्हा लागलाच नाही.

यात दुष्टावा होता असं मी म्हणणार नाही. आपल्या घरातल्या मुलीवर आलेला प्रसंग झाकावा, असं त्या काळच्या कितीतरी घरांनी केलं. आणि नेमकं तेच मला महत्त्वाचं वाटतं. 'ती आमची आहे' ही भावना तिला खाटेवरून हलू न देणाऱ्या परिचारिकांची होती, आणि 'ती आमची आहे' हीच भावना तिच्यावरचा अत्याचार कागदावर येऊ न देणाऱ्यांचीही असू शकते. आपलेपणाने एकदा तिचं रक्षण केलं आणि एकदा तिच्या नावावर, तिला न विचारता, न्याय सोडून दिला. त्या दिवशी ती उत्तर देण्याच्या स्थितीत नव्हती हे खरं. पण ती अरुणा कोण होती, तिने काय म्हटलं असतं, हा प्रश्न तरी कुणी मोठ्याने विचारला होता का?

तेव्हा तिसरी पायरी: आपलेपणा हा निर्णय बरोबर असल्याचा पुरावा नसतो. सांभाळणाऱ्याच्या हक्काची हद्द शोधायची तर इथूनच शोधायला हवी.

मला ती हद्द अशी दिसते. बोलू न शकणाऱ्या माणसाबद्दल दोन वेगळे प्रश्न असतात. एक, या देहाला आत्ता काय हवं आहे, काय खुपतं आहे, काय सोसवत नाही? दुसरा, हे माणूस शुद्धीवर असताना कसं जगत होतं, कशाला मान देत होतं, आणि आपली ही अवस्था त्याने पाहिली असती तर काय म्हटलं असतं? पहिल्याचं उत्तर देण्यात परिचारिकेच्या जवळपासही कुणी येत नाही. दुसऱ्याच्या बाबतीत तिचं जवळ असणं फारसं कामाला येत नाही. 2011 मध्ये अरुणाचं करणाऱ्या बहुतेक सिस्टरांनी तिला कधी बोलताना ऐकलेलं नव्हतं. साखळी 1973 पासून आलेली असली, तरी दुवे बदलले होते. आधीच्या बॅचने पुढच्या बॅचला अरुणा सोपवली, त्यांनी त्यापुढच्यांना. नव्या सिस्टरांना मिळालेली अरुणा खाटेवरचीच होती. हळदीपूरहून मुंबईला येऊन नोकरी धरणारी, लग्नाची स्वप्नं बघणारी, बहुधा हट्टी, बहुधा हसरी मुलगी त्यांना ऐकूनच माहीत. विराणींनी तिच्या जुन्या आयुष्याचा शोध घेतला होता, पण खाटेवरच्या अरुणाच्या रोजच्या तऱ्हा त्यांना सिस्टरांइतक्या ठाऊक असणं शक्य नव्हतं. एक बाजू त्या मुलीच्या वतीने बोलत होती, दुसरी या देहाच्या वतीने. न्यायालयाने यातली एक बाजू निवडली. दोन्ही एकत्र ऐकायची सोय तेव्हा आपल्या कायद्यात नव्हती, आणि म्हणून निवड करावी लागली, असं मी समजतो.

यावरून परिचारिकेचा हक्क साक्षीचा आहे, निकालाचा नाही, असं मी म्हणतो तेव्हा कुणाला वाटेल की हे तिचं स्थान खाली आणणं झालं. साक्ष ही दुय्यम गोष्ट आहे असं समजण्याची आपल्याला सवय लागली आहे. पण साक्षीशिवाय निकाल होत नाही, आणि महत्त्वाच्या साक्षीदाराला न बोलावता दिलेला निकाल रद्द होऊ शकतो. मी जो हक्क म्हणतो तो या वजनाचा आहे.

शिवाय तिच्या बोलण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते तिच्या ज्ञानाहून वेगळं आहे. अरुणाचं अन्न थांबवावं असा निकाल लागला असता, तर ते थांबवलं कोणी असतं? न्यायाधीशांनी नाही, याचिकाकर्तीनेही नाही. सप्टेंबर 2010 मध्ये मलेरिया झाल्यावर तिला राईल्स ट्यूबने अन्न द्यावं लागलं होतं. त्या नळीने किंवा चमच्याने सकाळी भरवणारी जी सिस्टर, तिनेच दुसऱ्या दिवशी भरवायचं नाही, आणि खोलीत मात्र जायचं. कूस बदलायची, ओठ ओले करायचे, तिचं शरीर कसं उतरतंय ते बघायचं, आणि चार्टवर लिहायचं. आपल्याकडे निर्णय घेणारा आणि तो हातांनी करणारा बहुतेक वेळा वेगळा असतो. अमेरिकन तत्त्वज्ञ अँड्र्यू जेम्टन यांनी 1984 साली परिचर्येच्या नीतीवरच्या पुस्तकात या कोंडमाऱ्याचं वर्णन केलं. काय योग्य ते परिचारिकेला कळतं, पण व्यवस्थेच्या बांधणीमुळे तिला तसं वागता येत नाही, आणि त्याची जखम मनात राहते. ज्याच्या हातून गोष्ट घडायची आहे, त्याला आधी विचारलं गेलं पाहिजे, हे तिच्या भावनांचे लाड नव्हेत. उद्या तोच हात दुसऱ्या रुग्णाला लागणार आहे.

आता बघू, 2011 नंतर काय झालं. 9 मार्च 2018 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 'कॉमन कॉज' प्रकरणात सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, असं सांगितलं आणि आगाऊ लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. त्याची रीत फार किचकट होती. इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत असे. 24 जानेवारी 2023 च्या आदेशाने ती सुटसुटीत झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. गोव्यात मे 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा पीठाचे न्या. महेश सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवून सुरुवात करून दिली, तेव्हा त्या बातमीने मला मनापासून समाधान झालं. कारण वरच्या दोन प्रश्नांतला दुसरा, 'याने काय म्हटलं असतं' हा प्रश्न, याचं सर्वात प्रामाणिक उत्तर तो माणूस स्वतःच लिहून ठेवू शकतो. अरुणाच्या वेळी असा कागद असता, तर दोन्ही बाजूंच्या मायेला एक तिसरा आवाज मिळाला असता. पंचविशीतली मुलगी असा कागद लिहून ठेवत नाही, हेही खरंच.

पण या नव्या रीतीत एक जागा रिकामी आहे. उपचार थांबवायचे की नाही, हे दोन मंडळं बघतात. पहिल्यात रुग्णावर उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. दुसऱ्यात मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले आणखी दोन तज्ज्ञ. नातेवाईकांची किंवा इच्छापत्रात नेमलेल्यांची संमती लागते, दंडाधिकाऱ्याला कळवावं लागतं. सहा डॉक्टर, नातेवाईक, दंडाधिकारी. परिचारिका कुठेच नाही. 2011 साली जिच्या शब्दावर देशाचं न्यायालय थांबलं, तिला सात आणि बारा वर्षांनी आखलेल्या रीतीत खुर्ची नाही. आधी तिला सगळंच दिलं गेलं, नंतर काहीच नाही. योग्य माप या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि ते शोधायचं राहून गेलं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

हे माप शोधायला अरुणासारखी असामान्य गोष्ट लागत नाही. कुठल्याही सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात ते रोज लागतं. पोटाच्या कर्करोगाचा साठीतला रुग्ण असतो. मुलाने डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलेलं असतं, "बाबांना काही सांगू नका, ते खचतील." डॉक्टर मान हलवतात. मुलगा घरी जातो, डॉक्टर घरी जातात. रात्री दोनला सलाईन बदलताना तो माणूस सिस्टरचा हात धरून विचारतो, "सिस्टर, खरं सांगा, मला काय झालंय?"

सिस्टरने काय करावं? रोगाचं निदान सांगणं तिच्या अधिकारात नाही, आणि रात्री दोनला, घरचं कुणी जवळ नसताना, ते सांगून निघून जाणं ही क्रूर गोष्ट झाली. "काही नाही काका, साधा अल्सर आहे," हे सोपं उत्तर आहे, पण ते खोटं आहे, आणि पुढच्या प्रत्येक इंजेक्शनच्या वेळी तो माणूस तिच्या तोंडाकडे बघणार आहे. मुलाचं म्हणणं मायेचं आहे. पण वर पाहिलेलीच गोष्ट इथे पुन्हा आहे: माया एका माणसाच्या वतीने, त्याला न विचारता, ठरवून मोकळी झाली आहे. फरक एवढाच की हा माणूस बोलू शकतो. तो विचारतो आहे.

जाणती सिस्टर अशा वेळी खुर्ची ओढून बसते. "तुम्हाला काय वाटतंय?" असं विचारते. बहुतेक वेळा त्याला कळलेलं असतं. कुणीतरी ते आपल्यासमोर नाकारू नये, एवढंच त्याला हवं असतं. कधी तो आजाराविषयी विचारतच नसतो, धाकटीच्या लग्नापर्यंत आपण असू का, हे विचारत असतो. त्याला काय जाणून घ्यायचंय, किती, कुणाच्या तोंडून, हे ती ऐकून घेते. "सकाळी डॉक्टरांना मी सांगते, तुम्हाला बोलायचंय म्हणून," असं म्हणते. मग नर्सिंग नोट्समध्ये लिहिते: रुग्ण आजाराबद्दल स्पष्टपणे विचारत आहे, डॉक्टरांशी बोलण्याची इच्छा व्यक्त केली. सकाळी ओव्हर देताना ते तोंडीही सांगते, आणि मुलगा आला की त्यालाही सांगते, "बाबा विचारत होते. त्यांना ठाऊक आहे असं मला वाटतं." तिने काही ठरवलेलं नसतं. पण आता डॉक्टर आणि मुलगा दोघांनाही 'त्याला जाणून घ्यायचं नाही' असं धरून चालता येत नाही. त्या एका ओळीने त्यांच्या निर्णयाची जमीन बदलते.

ही ओळ लिहायला धीर लागतो, हे मी विसरत नाही. कंत्राटावरची सिस्टर असेल, मुलगा तक्रारखोर असेल, "नातेवाईकांना तुम्ही कशाला काय सांगता?" असं डॉक्टर सगळ्यांसमोर बोलले असतील, तर पुढच्या वेळी ती "अल्सर आहे काका" म्हणून निघून जाते. आणि चाळीस रुग्णांना एकच सिस्टर असेल, तर रात्री दोनला खुर्ची ओढायला वेळच नसतो. वॉर्डातल्या नीतीविषयी आपण बोलतो तेव्हा बहुतेक वेळा सिस्टरच्या चारित्र्याविषयी बोलतो. ती कनवाळू आहे का, फटकळ आहे का. किती रुग्णांमागे किती सिस्टर, तिने लिहिलेलं पान वाचतं कोण, वाचून त्याला उत्तर देतं का, याविषयी फार थोडं बोलतो. केईएममध्ये अरुणाचं जे झालं ते कनवाळूपणाने झालं यात शंका नाही, पण ते एका खोलीपुरतं, एका बाईपुरतं झालं. तिच्याभोवती इतकी माणसं एकवटली, की तिच्या हसण्याकडे लक्ष द्यायला कुणीतरी कायम होतं. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून पडलेल्या रुग्णाचा चेहरा वाचायलाही कुणीतरी लागतं.

म्हणून माझं मागणं लहान आहे. दोन्ही वैद्यकीय मंडळांपुढे येणाऱ्या कागदांत, रुग्णाची रोज निगा राखणाऱ्या परिचारिकेने लिहिलेलं एक पान सक्तीचं असावं. रुग्णाला कशाचा त्रास होतो, कशाने तो निवतो, तो काय बोलला किंवा चेहऱ्याने काय दाखवलं, गेल्या काही दिवसांत काय बदललं, एवढं तिने लिहावं. आपल्याला जे दिसलं आणि आपल्याला जे वाटतं, ते तिने वेगवेगळं लिहावं. अरुणाच्या हसण्यावरून हा धडा घेण्यासारखा आहे. उपचार थांबवायचं ठरलं आणि ते करणं एखाद्या सिस्टरच्या मनाला पटत नसेल, तर तसं लिहायची आणि ती ड्यूटी दुसऱ्या सिस्टरकडे द्यायची तिला मुभा असावी, नोकरीच्या नोंदीवर डाग न पडता. आणि मंडळाने तिच्या पानाशी सहमत असावं असं मुळीच नाही. पण नसेल तर का नाही, हे मंडळाने त्याच पानाखाली लिहून सही करावी.